गाडग्यात राहिलेला खडा

खंडेराव आबा खडे मांडत मांडत चिमाजीच्या घराच्या नावापाशी आले, क्षणभर थांबले आणि पुढच्या नावाकडे वळले.

देवळापुढच्या पारावर गाव जमलं होतं. पाऊसकाळ सरला की पाट उपसायचा आणि त्यासाठी घरटी गडी मोजायचे, ही तिथली जुनी रीत. एका गड्याला एक खडा. खडे देवळातल्या गाडग्यात जपून ठेवलेले, दरसाल तेच. ज्याचा खडा पडला त्यानं आपल्या वाट्याचा गाळ काढायचा आणि रब्बीला पाण्याची पाळी घ्यायची. खडा नाही तर पाळी नाही. कळवणच्या अलीकडच्या त्या गावात हे कोणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, पण एकवेळ सरकारी कायदा मोडला असता, हा मोडला नसता.

चिमाजी आषाढात दम्यानं गेला. मागे राहिली बायको चंद्रभागा, आठवीतली भाग्यश्री आणि पाण्याची वाट बघणारं कांद्याचं रोप.

बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांत भाग्यश्री आईला चिकटून. तिच्या डोक्यात सकाळचा फळा अजून पुसला गेला नव्हता. साधनाबाईंनी त्यावर लिहिलं होतं, ३x + y + ७. ही तीन पदं. x आणि y ही चलं, त्यांची किंमत बदलू शकते. सात एकटाच, ते स्थिर पद. x च्या डावीकडचा तीन हा त्याचा सहगुणक.

"आणि y चा?" बाईंनी विचारलं होतं.

भाग्यश्रीनं ताडकन हात वर केला. "शून्य. तिथं काही लिहिलेलंच नाही."

बाई हसल्या. "शून्य असता तर y इथं दिसलाच नसता, बाळ. त्याचा सहगुणक एक आहे. तो एक लिहायची पद्धत नाही, एवढंच."

आता आबांचा हात पुढे सरकलेला पाहून भाग्यश्री उठून उभी राहिली. मागून कोणीतरी तिचा परकर ओढला, पण ती बसली नाही.

"आबा, आमचा खडा राहिला."

आबा काही वाईट माणूस नव्हते. "पोरी, चिमाजी गेला. तुमच्याकडं आता गडी शून्य. शून्याला कुठला खडा ठेवू?"

"वहिनी, तुम्ही काळजीच नगा करू," चुलतदीर भिमाजी लगबगीनं म्हणाला. "तुमचा मळा माझ्या पाळीत घेतो. कसतोबी मीच. चार गोण्या कांदे देईन की घरी आणून." मळा त्याच्या बांधाला लागून होता. आयत्या बिळावर नागोबा व्हायला तो आजच टपला होता असं नाही.

भाग्यश्री एक पाऊल पुढं आली. "शून्य नाय, आबा! शून्य असतं तर आमचा मळा पाटावर दिसलाच नसता. तिथं एक हाय. तुम्ही मांडत नाय, एवढंच."

सगळा पार हसला. "शाळेत लय शिकवत्यात," कोणीतरी म्हणालं.

"मग गाळ कोण काढंल?" भिमाजीनं डोळे मिचकावले. "तू?"

"मी," चंद्रभागा म्हणाली.

ती केव्हा उभी राहिली ते कोणाला कळलंच नाही. पुरुषांच्या बैठकीत बाईनं तोंड उघडायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता, आवाज मात्र पदराआड राहिला नाही.

"बाईच्यानं व्हतंय का ते?" आबा म्हणाले.

"आबा, ह्यांना दमा कधीपासून व्हता?"

"झाली की लय सालं."

"त्यांना कुदळ उचलत नव्हती. ते काठावर बाभळीखाली बसून खोकायचे. मग आमच्या वाट्याचा गाळ एका साली तरी राहिला का?"

भाग्यश्रीनं वळून आईकडे पाहिलं. पाट उपसायच्या दिवसांत ती शाळेत असायची. वडील, म्हणजे नाना, पाटावर जातात आणि आई त्यांची भाकरी घेऊन जाते, एवढंच तिला ठाऊक होतं. पण समोर बसलेल्या एकूण एक माणसानं आईला नानांच्या जागी गाळ काढताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. भिमाजी आपली वहाण न्याहाळू लागला.

आबांनी पाराखालच्या मातीत हात फिरवला, एखादा बरा खडा सापडतो का ते बघायला.

"नवा कशाला शोधता, आबा?" चंद्रभागा म्हणाली. "गाडग्यात ह्यांचा राहिलाय ना, तोच ठेवा. तो माझाच व्हता."