भूगोलाचा एकच धडा

सातवीचा जीर्ण दाखला. झाशीच्या सीपरी बाजारातून आणलेली स्टीलची पट्टी. जगाचा कोरा नकाशा.

बारावी न झालेल्यांना कॉलेजसाठी तयार करणाऱ्या भूगोलाच्या वर्गात अनुसूयाबाई सगळ्यांत मोठ्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. नद्या, पिकं, खनिजं यांतलं काही त्यांनी वहीत उतरवलं नाही. त्यांना फक्त अक्षांश-रेखांश यायला हवे होते. तो धडा त्यांनी चार वेळा समजून घेतला, पट्टी लावून अरबी समुद्रात एक टिंब काढलं आणि नकाशाची घडी घातली.

"चाचीजी, परीक्षा तो दे दो!" कुशवाहा सर हसले. "झाँसी में बैठे-बैठे समंदर नाप लिया, पास तो हो ही जाओगी."

"नहीं भैया, मेरा हो गया."

&nbsp;

&nbsp;

मुलाचं जहाज बुडाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं होतं. त्यात जागेचं नाव नव्हतं, फक्त दोन आकडे होते.