खाट नंबर चारची झडप

हळूबाई पास झाली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण सकाळी आठ वाजता ती पास होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. हळूबाईला तर मुळीच नाही.

फिजिशियन व्हायला निघालेली ही बाई मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला दोनदा आपटली होती. पंचेचाळीस मिनिटांत रुग्ण तपासून निदान सांगायचं असतं, आणि हिची अर्धी मिनिटं नाडीवरच सरायची. म्हणून वॉर्डात नाव पडलं हळूबाई. ही तिसरी खेप, आणि नियमानं शेवटची.

तिच्या वाट्याला खाट नंबर चार आली, तेव्हा बाकीच्या परीक्षार्थींच्या पोटात दुखलं. खाटेवर झडपमामा होते.

झडपमामा धंद्यानं शिंपी. बारा वर्षांपूर्वी अंगातलं रक्त इतकं कमी झालं, की माणूस कोऱ्या अस्तरासारखा पांढरा पडला. इथेच भरती केलं, रक्त वाढवलं, आणि तपासता तपासता हृदयाची एक झडप गळते असंही निघालं. ठोक्याबरोबर ‘सूंऽ’ असा आवाज. तेव्हापासून दर परीक्षेला विभागातून निरोप जाई आणि मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून, तीन जिने एका दमात चढून हजर होत. घरी त्यांना कुणी पाण्याची बादली उचलू देत नसे. “ह्यांची झडप आहे हो,” मामी पाहुण्यांना सांगत, जावई साहेब झाल्यासारख्या तोऱ्यात.

मामांचं काम चोख होतं. परीक्षार्थी घामाघूम झाला, की छताकडे बघत पुटपुटायचं, “झडप. डावीकडची. गळते.” मग त्याला आवाज ताबडतोब ऐकू येई. मामांच्या खाटेवर आजवर कुणी नापास झालं नव्हतं. त्यातून मामींची साखर हळूबाईनंच ताळ्यावर आणलेली. आज हिला पैलतीरी न्यायचंच, असं मामांनी सदरा घालतानाच ठरवलं होतं.

“झडप,” मामा पुटपुटले.

“मामा, मला सांगू नका ना.”

“अगं, सगळ्यांनाच सांगतो.”

“म्हणूनच.”

तिनं नाडी पूर्ण मिनिटभर मोजली. मग पुन्हा मोजली. खालची पापणी ओढून आत पाहिलं.

“तेव्हा रक्त किती होतं हो?”

“चार. डास बसायचा आणि माफी मागून जायचा.”

“आणि आता?”

“आता सहकुटुंब येतात.”

“दम लागतो?”

“भांडताना. पण तो मामीला.”

हळूबाईनं स्टेथोस्कोप छातीवर ठेवला. मामांना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला लावलं. पुन्हा उताणं केलं. पुन्हा वळवलं. घड्याळात वीस मिनिटं गेली.

“पोरी, घड्याळ बघ. झडप म्हण आणि सुट.”

“श्श! काही ऐकू येत नाहीये.”

मामांनी छाती आणखी पुढे काढली. बारा वर्षं आल्या-गेल्याला ऐकू आलं, आणि नेमकी हीच बहिरी निघावी!

परीक्षक आले. एक विभागप्रमुख, दुसरे बाहेरून आलेले टकलू साहेब. साहेबांचा चेहरा उजळला.

“मामा, ओळखलंत? तुमच्याच झडपेवर पास झालोय मी.”

“ओळखलं तर! तुम्हाला दारातूनच ऐकू आली होती.”

“बोला डॉक्टर,” विभागप्रमुख म्हणाले, “निदान?”

मामांनी छताकडे बघत सगळा जोर लावून ओठ हलवले.

“सर,” ती म्हणाली, “आधी तुम्ही एकदा ऐकता का?”

उमेदवारच परीक्षकाची परीक्षा घेतोय! मामांनी डोळे मिटले. गेली पोरगी.

टकलू साहेबांनी स्टेथोस्कोप ठेवला आणि सवयीनं मान डोलवायला लागले. मग डोलायची थांबली. विभागप्रमुखांनीही ऐकलं, स्टेथोस्कोपवर टिचकी मारून पाहिली, पुन्हा ऐकलं.

“मामांना जरा बाहेर बसवा.”

बाहेरच्या बाकावर मामांना चहा आणि बिस्किटं मिळाली. त्यांनी ती अपराधी मनानं खाल्ली, सगळी. अर्ध्या तासानं हळूबाई धावत आली. आयुष्यात पहिल्यांदाच धावली असेल.

“पास झाले, मामा!”

“म्हणालीस ना शेवटी, झडप?”

“नाही,” ती हसली आणि एक घडी घातलेला कागद त्यांच्या हातात ठेवला. “हा मामींना दाखवा. खूश होतील.”

मामांनी कागद जिन्यातच वाचला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दम लागला.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या टपालात अर्ज होता:

“विषय: हृदयविकार परत मिळणेबाबत.

महोदय, माझी गळकी झडप गेली बारा वर्षे आपल्या त्रेसष्ट डॉक्टरांनी स्वतःच्या कानांनी ऐकून मान्य केली आहे. पैकी एक काल परीक्षक होते. सदर आवाज रक्ताच्या कमतरतेमुळे होता व रक्त भरल्यावर बारा वर्षांपूर्वीच बंद पडला, ही बाब मला काल प्रथमच कळविण्यात आली. हृदय ठणठणीत असल्याचा कागद घरी वाचला जाताच दारात दोन रिकाम्या बादल्या ठेवण्यात आल्या आहेत. तरी डॉक्टरीणबाईंचा निकाल कायम ठेवून माझा आजार मला पूर्ववत मंजूर करावा, ही नम्र विनंती.”