बांधावरची भाकरी

पहारेकरी ड्रोन धुळा धनगराच्या मेंढरांवर घिरट्या घालत होते. सरपंच कौतिकाने नुसतं बटण दाबलं असतं, तर अख्खा कळप जागच्या जागी आडवा झाला असता. तिच्या मागे गावकरी कुऱ्हाडी घेऊन, तिच्या हाताकडे बघत उभे होते.

मेलेली माती जिवंत करणारे जिवाणू शास्त्रज्ञांनी घडवले खरे, पण ते वाढायचे फक्त मेंढीच्या पोटात आणि जमिनीत उतरायचे लेंड्यांतून. शिवार हिरवं झालं तसा गावाला माज चढला. धनगरांना हाकलायला गेल्या साली कुणीतरी हौदात विष कालवलं. मेंढरं मेली. मग झालेल्या मारामारीत कौतिकाचा भाऊ गेला आणि धुळाचा मुलगाही. यंदा माती पुन्हा पांढरी पडू लागली होती.

कौतिकाने ड्रोन खाली उतरवले आणि हातातलं भाकरी बांधलेलं फडकं सोडलं. रात्रभर शेतात मेंढरं बसवायची तर पहिली भाकरी शेतमालकाच्या घरची, ही जुनी रीत.

"आधी तुमी खावा, सरपंचबाई," धुळा म्हणाला.

तिने अर्धी मोडून खाल्ली. उरलेली त्याने घोंगड्यात गुंडाळली.

"आन तुमी, आबा?" तिने विचारलं.

"सकाळी खाईन. समदी मेंढरं उठली तर."

मागून कुणीतरी शिवी हासडली. कौतिका वळली नाही. ती सरळ हौदापाशी गेली, मेंढरांच्या आधी ओंजळभर पाणी प्यायली आणि कळपाच्या मधोमध पदर उशाला घेऊन आडवी झाली.

"सकाळी पहिली हाक मला मारा, आबा," ती म्हणाली, "मग मेंढरांना."