आबईचा स्फटिक

चांगदेवनं कल्याणीच्या नळीवरची चिठ्ठी नखानं सोलली आणि आपल्या नळीवर चिकटवली. मग तिची नळी मोडून बेसिनमध्ये टाकली आणि पाणी सोडलं. सुईएवढी बारीक काचेची नळी ती. आत मिठाच्या कणाएवढा स्फटिक होता. परसात वेलावर येते त्या आबईच्या शेंगेच्या बियांतलं प्रथिन काढून कल्याणीनं तो सात महिने खपून वाढवला होता. नळ बंद करून, हात पुसून चांगदेव तासाला गेला.

जुन्नरच्या त्या कॉलेजात तो एकवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होता. कल्याणी त्याचीच विद्यार्थिनी, जवळच्याच डिंगोरे गावची. आता शेजारच्याच टेबलावर त्याच्यासारखीच आबईच्या प्रथिनाचे स्फटिक वाढवायची. वाद एवढाच होता, की या प्रथिनाचे रेणू स्फटिकात बसतात कसे. चांगदेव म्हणायचा, दोन-दोनच्या जोड्या करून. कल्याणी म्हणायची, चार-चारचे गट करून. वाद चालला असता तसाच. पण २००२ साली पुण्याच्या एका संस्थेनं क्ष-किरणांच्या यंत्रावर एकच स्फटिक तपासून द्यायचं कबूल केलं, आणि निवडला तो तिचा. त्या दिवसापासून चांगदेवला जेवण गोड लागेना. जिला आपण पिपेट धरायला शिकवलं, ती आपल्या पुढं? सरळच सांगायचं तर तो जळत होता.

म्हणून हा बेत. स्फटिक त्याचा, नाव तिचं. यंत्र जोड्या दाखवणार आणि बाईसाहेब स्वतःच्याच नावानं तोंडघशी पडणार. त्याला खात्री होती.

तीन महिन्यांनी निकाल आला. स्फटिकात जोड्या होत्या. त्याच स्फटिकात, जोड्यांच्या शेजारी, चार-चारचे गटही होते. एकच प्रथिन, एकच स्फटिक, आणि बसायच्या तऱ्हा दोन! पुण्याची मंडळी चक्रावून गेली. कल्याणीचं नाव परदेशातल्या मासिकात छापून आलं.

चांगदेवला हसावं की रडावं कळेना. असा स्फटिक आपल्या हातून झाला आणि ते एका माणसाला सांगायची सोय नाही! वर्गात फळ्याकडं तोंड करून तो स्वतःशीच पुटपुटायचा. घरी बायकोनं, अंजनानं विचारलं, "काय व्हतंय तुमाला?" तेव्हा पित्त झालंय म्हणाला.

दिवाळीनंतर कॉलेजनं कल्याणीचा सत्कार ठेवला. शाल चांगदेवच्याच हस्ते द्यायचं ठरलं, गुरू ना तो! पहिल्या रांगेत कल्याणीचे वडील भागुजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांनी उठून चांगदेवचे दोन्ही हात धरले.

"आमाला त्यातलं काय बी कळत न्हाई, सर. पन तुमीच घडवली तिला. लई उपकार झालं."

चांगदेव कसाबसा हसला. मग कल्याणी बोलायला उभी राहिली.

"जोड्या असतात, हे सर पहिल्यापासून सांगत होते. मी त्यांचं ऐकलं नाही. पण माझ्याच स्फटिकानं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं."

टाळ्या पडल्या. माझ्याच स्फटिकानं! ती चार वाकडे शब्द बोलली असती तर त्यानं ते गिळले असते. ही मेहेरबानी काही घशाखाली उतरेना. शाल द्यायला त्याचं नाव पुकारलं, तेव्हा शाल हातात घेऊन तो कल्याणीकडं न जाता थेट माइकपाशी गेला.

"तो स्फटिक माझा आहे!" त्याचा आवाज चिरकला. "हिचा नाही. मी वाढवलाय, या हातांनी. नळीवरची चिठ्ठी मी बदलली!"

प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले. चांगदेवला मात्र कित्येक महिन्यांनी मोकळं वाटलं. कळलं एकदाचं सगळ्यांना! आता ही भांडेल, रडेल, पुरावा मागेल. पुरावा तर त्याच्या वहीत तारीखवार लिहिलेला होता. शाल छातीशी धरून त्यानं मोठ्या ऐटीत कल्याणीकडं पाहिलं.

तिनं हातातला गुच्छ खुर्चीवर ठेवला.

"मग माझा कुठंय, सर?"