मेहबूबची बोलकी पेटी

सलीमानं खांद्याला हात लावला तेव्हा मेहबूब शेळीच्या मऊ कातड्याची पट्टी कागदी शंकूच्या काठाला चिकटवत होता. सरसाचं बोट तसंच वर धरून त्यानं मान वळवली.

"पंच आले," ती म्हणाली. "दारातून दोनदा हाक मारली त्यायनं."

पायरीवर बालाजीच्या देवळाचे पंच भगवानराव उभे होते. मागे त्यांचे मेहुणे अर्जुनराव, काखेत छत्री.

"कामात बुडले का जगाचं भान राह्यत नाही यांले," सलीमा पदर सावरत पाहुण्यांना म्हणाली. "या जी, बसा."

मेहबूबनं सतरंजी ओढून अंगणाच्या तोंडाशी आणली. "इथं उजेडात बसा, मालक. ओसरीत अंधार लय."

सगळ्या देऊळगाव राजात मेहबूबच्या या बोलक्या पेटीची, म्हणजे लाउडस्पीकरचीच चर्चा होती. मुंबईहून पार्सलनं नुसते सुटे भाग आले होते: लोहचुंबक, तारेचं वेटोळं, कागदाचा शंकू. जोडायचं ते घरी. खोकी मेहबूबनं जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांची केली होती. एक पेटी तयार होती, दुसरीचा सरस वाळायचा होता. चुंबकाच्या पोटात वेटोळं कसं बसावं, तर पाळण्यात लेकरू बसावं तसं. हललं तर पाहिजे, पण कडेला घासायला नको.

मागच्या यात्रेत परगावच्या एका माणसानं भोंगा आणला होता. तो ऐन वेळी, नागपूरच्या साहेबापुढंच खोकत राहिला. गावाची मान खाली गेली. यंदा पंचांना गावातला माणूस हवा होता.

आणि मेहबूबला यात्रा हवी होती. एके काळी तो पालखीपुढं क्लॅरिनेट वाजवत चाले. बाया उंबऱ्यात थांबत, पोरं झाडावर चढत. मग तीन वर्षांमागं एक दिवस त्यानं बँड सोडला. का ते सांगितलं नाही. गाव म्हणालं, मेहबूब चढेल झाला. तेव्हापासून त्यानं यात्रेत पाऊल टाकलं नव्हतं. "जाईन तर आवाज घेऊन जाईन," तो सलीमाला म्हणाला होता, "नाही तर मले यात्रा नाही."

भगवानरावांच्या मिशा छपराच्या वळचणीसारख्या ओठांवर उतरल्या होत्या. ते पेटीत वाकून पाहत होते. मेहबूब चुंबकावरची धूळ पुसत राहिला.

आतल्या दारातून सलीमानं त्याच्याकडं पाहिलं. "मालक इचारतात, बॅटरी कशाची?"

"मोटारीची जी!" मेहबूब हसून भगवानरावांना म्हणाला. "मोटार उभी राहीन, पर यात्रा नाही थांबाची."

अर्जुनरावांनी छत्री बाजूला ठेवली. "बँड काऊन सोडला बे, मेहबूब? एवढा गोड हात तुया!"

"फुंकाचं काम जवानीचं, अर्जुनराव. आता फुंकावं दुसऱ्यानं, अन् आवाज मोठा करावा म्या."

दोघंही हसले.

सलीमा आतल्या खोलीत पेटीला जोडलेल्या माईकपुढं बसली, दाराकडं तोंड करून. मेहबूबनं पेटी ओसरीत उताणी ठेवली आणि शंकूवर मूठभर राजगिरा पसरला.

"हे काय, नैवेद्य?" अर्जुनराव म्हणाले.

"दाणे नाचले का समजाचं, सूर बसला."

त्यानं सलीमाला हात केला. तिनं जात्यावरची ओवी धरली:

"वाऱ्या रे भाऊराया, जाय बांधाच्या पल्याड,
माही हाक पोचंना रे, मधी शेताचं कवाड."

राजगिरा उठला. आधी काठाचा, मग मधला. गोल धरून, फेर घेऊन, जणू भुलाबाईच्या पोरी. मेहबूब मात्र दाण्यांकडं थोडंच पाहत होता. तो पंचांच्या तोंडाकडं पाहत होता. भगवानरावांनी डोळे मिटले होते. मान डोलत होती.

एकाएकी अर्जुनरावांच्या कपाळाला आठी पडली.

मेहबूबचा हात तत्काळ पेटीवर गेला. फुंकर मारून त्यानं दाणे उडवले, बोटांची टोकं शंकूवर अलगद टेकवली आणि थांबला. डाव्या अंगाला कुठंतरी वेटोळं घासत होतं, पायात काटा मोडलेल्या माणसासारखं. त्यानं एक स्क्रू सैल केला, केसाएवढं सरकवलं, पुन्हा आवळला. बोटं टेकवली. पुन्हा आवळला. मग मान वर केली.

अर्जुनरावांची आठी गेली होती.

"अबे, कान लय तिखट आहे तुया!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "मी तोंड उघडाच्या आधी तुले खरखर समजली!"

"कानाचं काय, मालक," मेहबूब म्हणाला. "हात तयार पाह्यजे."

सलीमाची ओवी संपली. भगवानराव उठले. चालता चालता मिशांवरून हात फिरवत काहीतरी म्हणाले. मेहबूबनं आधी अर्जुनरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. दारात सलीमाचं तोंड दिवाळीच्या पणतीसारखं उजळलं होतं.

"यात्रा आपली!" ती म्हणाली.

मेहबूबनं पंचांपुढं वाकून हात जोडले. "गावाची मान खाली जाऊ देणार नाही, मालक. पेटी पालखीच्याही पुढं ऐकू येईन."

पाहुणे गल्लीच्या वळणाआड गेले. मेहबूबनं कडी लावली आणि सलीमाजवळ आला. सकाळपासून धरून ठेवलेला प्रश्न त्याच्या तोंडून निसटला.

"आता खरं सांग. कशी वाजली?"

सलीमानं त्याची हनुवटी आपल्या तोंडाकडं वळवली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सांगितलं, "गोड." तीन वर्षं, मेहबूबचे कान गेल्यापासून, त्या घरात नवराबायको असंच बोलत होते.