थोरली आणि धाकटी

जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. हार्ड डिस्क सापडत नाही. डिस्क तर पेटीत दोन होत्या, एकाच चपट्या केबलवर. एक बाबांची, एक तिची.

"आई, बाबांना विचार ना, कधीपासून बंद आहे."

बाबा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. ती आल्यापासून आई बिचारी दोघांमधला टेलिफोन झाली होती. "अहो, ती विचारतेय, कधीपासून बंद आहे."

"तिला सांग, ती गेली तेव्हापासून."

टोमणा वर्मी लागला. तिने मान खाली घालून केबल काढली, साफ केली, लाल कड नीट बघून परत बसवली. वीज पोचत होती. दोन्ही डिस्क गरगर फिरत होत्या. मशीन मात्र ओळख द्यायला तयार नव्हतं.

अशा जुन्या मशीनमध्ये एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी एकीला पहिला मान द्यावा लागतो. मागच्या पिनांवर नखाएवढी टोपी असते, ती हलवली की मान बदलतो. या घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दोन्ही थोरल्या केल्या की भांडतात. दोन्ही धाकट्या केल्या की एकमेकींची वाट बघत बसतात.

ती घर सोडून गेली त्या दिवशी तिने आणि बाबांनी, दोघांनीही आपलीच थोरली केली होती. वाद डिस्कवरून तिच्या परगावच्या नोकरीवर गेला, तिथून "या घरात थोरला मी आहे" वर. यापुढे ज्याने त्याने आपल्याच डिस्कला हात लावायचा, असं ठरलं. निघताना तिला वाईट वाटलं. चुकलं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून तिने गुपचूप आपली डिस्क धाकटी केली. मशीन सुरू झालं की बाबांना कळेल, फोन येईल, असं तिला वाटलं.

फोन आला नाही. तिथे रस्त्यात कुणी बाबांसारखं खाकरलं तरी ती मागे वळून बघायची. बाबांची फार आठवण यायची.

बाबांच्या डिस्ककडे तिने आजही पाहिलं नव्हतं. ठरलं होतं ना. आता दुसरा इलाज उरला नाही, तेव्हा तिने पेटी कलती करून आत बॅटरी मारली. बघतच राहिली.

"बाबा," ती आईला न विचारता म्हणाली, "तुमची डिस्क धाकटी कुणी केली?"

पेपर खाली आला. "मीच. तू गेलीस त्याच संध्याकाळी."

"माझीही धाकटीच आहे. निघताना केली होती."

बाबा उठले. चष्मा सावरत पेटीवर वाकले. एक टोपी पाहिली, मग दुसरी पाहिली.

"अगं," ते म्हणाले, "आणि मी समजत होतो, जाताना तू रागाने मोडून गेलीस."