परीक्षेपुरता पेशंट

केंड्राचा पेशंट आलाच नाही. कम्युनिटी कॉलेजात दातांच्या सफाईची शेवटची परीक्षा होती, आणि या परीक्षेला प्रत्येकीनं आपला पेशंट आपणच शोधून आणायचा असतो. दातांवरचं कीटण जितकं दगडासारखं, तितका पेशंट चांगला. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर पुन्हा वर्षभर गोदामात खोकी उचलायची.

"कोळसेवाल्यांच्या वस्तीत जा गं," शेजारच्या खुर्चीपाशी उभी असलेली डार्ला म्हणाली. "हवी तेवढी घाण तोंडं मिळतील. ते लोक ब्रशानं फक्त बूट घासतात."

सगळ्या हसल्या. केंड्राही हसली. ती त्याच वस्तीतली, हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं.

तिला सोडायला आलेला बाप, वर्जिल, अजून बाहेर पिकअपमध्येच बसला होता. खाणीत जन्मभर तंबाखू चघळलेला माणूस. बोलताना तोंडावर हात धरायचा. महिनाभर ती परक्यांची तोंडं शोधत हिंडली होती, पण त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आता ती गाडीच्या काचेपाशी गेली.

"बाबा..."

"नाही आला ना तुझा माणूस?" त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली, टोपी सारखी केली. "चल. मलाही तोंड आहे."

खुर्चीत बसल्यावर त्यानं हात खाली घेतला आणि दिव्याखाली आ केला. डार्लानं मान फिरवली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकबाई मात्र वाकून बघतच राहिल्या.

"असा पेशंट नशिबानं मिळतो! कुठून आणलास गं?"

केंड्रा ट्रेमधली हत्यारं सारखी करू लागली.

"लाँड्रीत हिनं चिठ्ठी चिकटवली होती," वर्जिल म्हणाला. "फुकटात होतंय, म्हणून आलो. या मॅडमना मी ओळखतही नाही."

केंड्रानं मास्क वर ओढला. "दुखलं तर हात वर करा, मिस्टर," ती म्हणाली.

हिरड्यांतून रक्त आलं. त्यानं हात वर केला नाही.

दुपारी निकाल लागला. केंड्रा पास झाली. मास्क काढून ती सामान आवरत होती, तेवढ्यात खिडकीतून बघत डार्ला म्हणाली, "अगं, तुझा तो पेशंट अजून गाडीतच बसलाय. कुणाची वाट बघतोय?"

"असेल कुणाची तरी," केंड्रा म्हणाली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.